वर्तुळ मध्येच मोडलं तर? (संरक्षक वर्तुळ आखणाऱ्यांनी कृपया सांगा)

शुक्रतारा
नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वर्षभरापासून मी एकटीच विक्काची, म्हणजे निसर्ग आणि चंद्राला मानणाऱ्या आधुनिक चेटूक-पंथाची साधना करते. कोव्हेन (साधकांचा गट) नाही, शिकवणारं कुणी नाही. पुस्तकं आणि माझी वही, एवढंच. दर पौर्णिमेला वर्तुळ आखते. आधी जागा झाडून घ्यायची, मिठाची बारीक रेघ ओढायची, चार दिशांना चार मेणबत्त्या ठेवायच्या, मग पूर्वेपासून सुरुवात करून काळ्या मुठीच्या सुरीने हवेत वर्तुळ फिरवायचं आणि एकेका दिशेला बोलवायचं. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी.

मागच्या पौर्णिमेला पूर्व आणि दक्षिण झाली होती. पश्चिमेकडे वळले आणि फोन वाजला. आईचा. एवढ्या रात्री आई कधीच फोन करत नाही. मी तशीच धावत बाहेर आले. मिठावर पाय पडला हे कळलंसुद्धा नाही. आईचा फोन चुकून लागला होता, ती व्यवस्थित आहे. पण परत खोलीत आले तर रेघेत माझ्या टाचेचा ठसा उमटला होता आणि तिथून मीठ पार दारापर्यंत फरपटत गेलं होतं. आत पाऊल टाकायचा धीरच होईना. बाहेरूनच वाकून मेणबत्त्या विझवल्या, मीठ केरात टाकलं. कुणाला निरोप दिला नाही, काही मिटवलं नाही.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. दोन प्रश्न आहेत. असं अर्धवट मोडलेलं वर्तुळ मागे काही ठेवून जातं का? आणि माझी खोली लहान, जेमतेम ५ फुटांचं वर्तुळ बसतं. सगळीकडे ९ फूट लिहिलेलं असतं. म्हणजे माझं वर्तुळ मुळातच कच्चं होतं का?

मोरपीस
आई सुखरूप आहे ना, मग बाकीचं निस्तरता येईल. तू धावलीस ते योग्यच केलंस. जाणकार येतीलच, मीही वाचते आहे.

चौकस
मी यातलं काही मानत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. पण तुम्ही मनापासून लिहिलं आहे, म्हणून मीही मनापासून विचारतो. वर्तुळ नेमकं कशापासून राखतं? 'वाईट शक्ती' एवढ्याने माझं समाधान होत नाही. कुणी जरा फोड करून सांगेल का?

जुनी_वही
चौकस, मुळालाच हात घातलात. आधी ९ फुटांचं बघू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच निघेल.

'की ऑफ सॉलोमन' या जुन्या मंत्रविद्येच्या ग्रंथाचं मॅथर्सने १८८९ मध्ये इंग्रजी केलं. त्यात कृती अशी आहे: जागेच्या मध्यावर विळा रोवायचा, त्याला ९ फुटांची दोरी बांधायची आणि दुसऱ्या टोकाने परीघ आखायचा. म्हणजे ९ फूट ही त्रिज्या झाली, आणि अख्खं वर्तुळ १८ फुटांचं! विक्कात दोरी तीच ९ फुटांची, पण ती मधोमध दुमडतात. दुमड सुरीत अडकवून दोन्ही टोकं फिरवली की ९ फुटांचं वर्तुळ मिळतं. 'गोएशिया' या त्याच धाटणीच्या ग्रंथात तर ९ फूट हीच वर्तुळाची रुंदी दिली आहे. आणि पीटर ऑफ अबानोच्या नावावर चालणारा 'हेप्टामेरॉन' सुरुवातीलाच सांगतो की वर्तुळाचं रूप नेहमी एकच नसतं. कुणाला बोलावता, कुठे, कोणत्या दिवशी, कोणत्या प्रहरी, त्याप्रमाणे ते बदलतं. जुन्या ग्रंथांचंच आपसात एकमत नाही, त्यामुळे ५ फुटांसाठी झोप उडवून घेऊ नका.

आता राखतं कशापासून? या ग्रंथांमधला मांत्रिक मुद्दाम कुणालातरी बोलावतो. 'गोएशिया'त वर्तुळापासून २ फुटांवर ३ फुटांचा त्रिकोण आखायला सांगितलं आहे. बोलावलेल्याने त्या त्रिकोणात यायचं, मांत्रिकाने वर्तुळात राहायचं. परिघावर देवाची नावं लिहायची. काम झालं की त्याला जायची परवानगी द्यायची, आणि तो गेल्याची खात्री होईपर्यंत पाऊल बाहेर टाकायचं नाही. थोडक्यात, वर्तुळ म्हणजे तटबंदी.

म्हणून शुक्रताराला माझा एकच प्रश्न आहे: तुम्ही बोलावलं कुणाला होतं?

गणिती
९ फुटांच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ६३.६ चौरस फूट, ५ फुटांच्या वर्तुळाचं १९.६. म्हणजे तीनपटीहून जास्त फरक. पण एका माणसाला दोन्ही हात पसरून स्वतःभोवती फिरायला ५ ते ६ फूट लागतात. एकटीचं काम असेल तर ५ फूट बेताचं असलं तरी पुरेसं आहे, फक्त मेणबत्त्या आत ठेवू नका.

माझी एक खरी शंका आहे. पुस्तकांत म्हणतात की वर्तुळ हे नुसतं वर्तुळ नसून गोल असतो, निम्मा जमिनीवर आणि निम्मा जमिनीखाली. मग मी वरच्या मजल्यावर वर्तुळ आखलं, तर खालच्यांच्या दिवाणखान्यात माझा अर्धा गोल लोंबकळत असतो का?

मोरपीस
गणिती, आता त्यांचा पंखा मधे येतो का हे पण मोजा!

शुक्रतारा
जुनी_वही, खूप आभार. कुणालाच बोलावलं नव्हतं हो. दिशाच तेवढ्या, त्याही दोन. चंद्राला नमस्कार करून थोडं ध्यान करणार होते.

उंबरठा
शुक्रतारा, जरा निवांत वाच.

मी बरीच वर्षं एका गटात आहे. जुनी_वही यांनी लिहिलं त्यातली मापं आणि ग्रंथ सगळं बरोबर आहे, पण ती मांत्रिकाच्या वर्तुळाची गोष्ट झाली. आपलं वर्तुळ वेगळ्या कामाचं आहे. विक्काचा प्रसार करणाऱ्या जेराल्ड गार्डनरने १९५४ च्या 'विचक्राफ्ट टुडे'मध्ये हा फरक स्पष्टच मांडला आहे. मांत्रिकाचं वर्तुळ बाहेरच्याला बाहेर ठेवण्यासाठी. चेटकिणींचं वर्तुळ आत जागवलेली शक्ती आतच राहावी, इकडेतिकडे विरून जाऊ नये म्हणून. थंडीत शेकोटीभोवती आडोसा करतो ना, तसं. आडोसा करतो तो ऊब टिकावी म्हणून, बाहेर वाघ बसलाय म्हणून नव्हे.

आता स्वतःला विचार, त्या रात्री तू काय जागवलं होतंस? दोन दिशांना बोलावलंस आणि धावलीस. आडोसा उभा राहायच्या आधीच पडला, आत अजून शेकोटीही पेटली नव्हती. मागे राहायला होतं काय?

राहिलं असेल तर एक साधं सौजन्य राहिलं. पूर्वेला आणि दक्षिणेला या म्हटलंस आणि निरोप न देता उठलीस. घरी आलेल्या माणसांना आपण असं ठेवत नाही. तेवढं जाऊन बोलून ये. त्याला मीठ नको, सुरी नको. दोन्हीकडे तोंड करून मनापासून आभार मान, आणि तेव्हा का उठावं लागलं ते सांग. बस्स.

जुनी_वही
उंबरठाताई, गार्डनरचा फरक मान्य, पण त्यावर एवढा भार टाकू नका. विक्काच्या वर्तुळाची सामग्री बघा: काळ्या मुठीची सुरी, दोरी, मीठ-पाणी, धूप, दिशा. बहुतेक सगळं सॉलोमनच्या परंपरेतून आणि गोल्डन डॉन या गूढविद्येच्या संस्थेकडून आलेलं. विक्कात दिशांना 'टेहळणी बुरूज' म्हणतात, त्यांचा उगम तर १५८० च्या दशकात जॉन डी आणि एडवर्ड केली यांनी केलेल्या देवदूतांशी संवादाच्या प्रयोगांत आहे. बुरूज म्हटलं की पहारा आला आणि पहारा म्हटलं की बाहेरचा कुणीतरी आलाच. शब्द तटबंदीचे वापरायचे आणि इथे तट नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

उंबरठा
शब्द उसने आहेत, कबूल. पण उसन्या तव्यावरही भाकरी आपलीच भाजली जाते. गार्डनरने चौकट घेतली आणि काम बदललं. बोलावलेल्याला त्रिकोणात कोंडून धमकावणं आमच्यात नाहीच. दिशांना आम्ही साक्षीला बोलावतो. राखणदारीचा अर्थ आहे, तो मी नाकारत नाही. पण तो आत मन उघडं ठेवून बसणाऱ्यासाठी आहे, हल्ला थोपवण्यासाठी नाही.

आडवाटेचा
जुनी_वही तटबंदीबद्दल बोलले म्हणून सांगतो. बेनव्हेनुतो चेल्लिनी हा सोळाव्या शतकातला नावाजलेला सोनार आणि शिल्पकार. त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे की सिसिलीचा एक पाद्री त्याला रात्री रोमच्या कोलोसियममध्ये घेऊन गेला. जमिनीवर वर्तुळं आखली, धूप घातला, हिंगासारखी उग्र द्रव्यं जाळली. दुसऱ्या खेपेला सोबत एक बाराएक वर्षांचा मुलगा होता. त्याला चहूकडे भुतं दिसायला लागली आणि तो गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. पाद्रीसुद्धा लटपटत होता. चेल्लिनीने एका मित्राला सांगितलं, हिंग टाक. तो मित्र हलायला गेला आणि भीतीने त्याचं पोटच सुटलं, ते अशा आवाजात आणि अशा दर्पासकट की हिंगाची गरजच उरली नाही! मुलाने डोकं वर करून पाहिलं तर भुतं पळत सुटलेली.

सांगायचं कारण, पहाटेच्या प्रार्थनेच्या घंटा होईपर्यंत ते सगळे एकमेकांना चिकटून वर्तुळात बसून राहिले. घरी जाताना तो मुलगा म्हणत होता, त्यातली दोन अजून पुढे उड्या मारत चालली आहेत. आणि तरीही कुणाला काही झालं नाही. चेल्लिनी १५७१ पर्यंत जगला.

मोरपीस
म्हणजे ९ फूट, मीठ, सुरी सगळं बाजूला, खरं शस्त्र भलतंच निघालं! शुक्रतारा, हसलीस ना?

शुक्रतारा
हसले! बऱ्याच दिवसांनी.

सायली_क
फोनबद्दल कुणी बोललंच नाही. वर्तुळ आखण्याआधी फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवायचा, हा माझा पहिला नियम. मुळावर घाव.

आणि मनात भीती असेल तर गोल्डन डॉनचा पंचतारकेचा छोटा विधी रोज कर. ही संस्था १८८८ मध्ये लंडनला सुरू झाली, आणि त्यांच्याकडे नवख्यांनाही हा विधी शिकवत. मीठ, मेणबत्ती काही लागत नाही. चारही दिशांना हवेत पाच टोकांचे तारे काढायचे, मग मध्ये उभं राहून पुढे राफेल, मागे गॅब्रिएल, उजवीकडे मायकेल, डावीकडे ऑरिएल या देवदूतांची नावं घोळवून म्हणायची. सकाळ-संध्याकाळ केलास तर घर स्वच्छ राहील.

पारिजात
फोन बंद करण्याशी मी सहमत नाही. एकटं राहणाऱ्या माणसाने बंद खोलीत मेणबत्त्या आणि निखारे पेटवायचे आणि फोन लांब ठेवायचा? मी रुग्णालयात काम करते, भाजलेली माणसं बघते. फोन जवळ असू दे, फक्त घरच्यांचे सोडून बाकी आवाज बंद ठेव.

त्याच अनुषंगाने: धुपासाठी कोळशाच्या टिकल्या वापरत असाल तर खिडकी उघडी ठेवा. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. डोकं जड होणं, गरगरणं, कुणीतरी आहे असं वाटणं, यातलं काही झालं तर आधी खिडकी उघडा आणि बाहेर या. मग वर्तुळ मोडलं तरी चालेल. सैल बाह्या गुंडाळा. आणि बागेत मिठाचं वर्तुळ अजिबात नको, माती खारते आणि तिथली झाडं जळतात. दोरी किंवा दगड ठेवा.

चौकस
पारिजात, हा प्रतिसाद धाग्यात सगळ्यात वर चिकटवायला हवा.

गोलार्ध
अवांतर, पण दिशा निघाल्या म्हणून लिहिते. मी दक्षिण गोलार्धात राहते. वर्तुळ 'सूर्याच्या गतीने' फिरवायचं असं सगळीकडे वाचते. पण इथे सूर्य पूर्वेला उगवून उत्तरेकडून पश्चिमेला जातो, म्हणजे सूर्याच्या गतीने फिरायचं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरावं लागतं. अग्नीही मग उत्तरेला हवा, कारण ऊन तिकडून येतं, आणि पृथ्वी दक्षिणेला. इथल्या साधकांत यावर दोन तट आहेत. काही जण इंग्लंडची मांडणी जशीच्या तशी ठेवतात, काही जण सगळं उलटं करतात. मी सुरुवातीला पुस्तकाप्रमाणे करत होते. एकदा भर दुपारी अंगणात वर्तुळ आखत होते, अग्नीला हाक मारली आणि पाहते तर मी सावलीकडे तोंड करून उभी, ऊन पाठीवर. त्या दिवसापासून उलटं फिरते.

जुनी_वही
गोलार्ध, सुंदर. ग्रंथ जिथे लिहिला गेला तिथलं आभाळ त्यात असतं, हे आपण विसरतो.

ग्रंथांवरून आठवलं. वर्तुळाची कल्पना युरोपच्या किती तरी आधीची आहे. मेसोपोटेमियात पिठाने वर्तुळ आखत. त्याला झिसुर्रू म्हणत, म्हणजे पिठाने ओढलेली रेघ. मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या विधींमध्ये त्याचा उल्लेख येतो. आजारी माणसाच्या खाटेभोवती असं वर्तुळ ओढत, रोग आणि भुतं लांब राहावीत म्हणून. मला हे वाचताना नेहमी त्या घरातली माणसं दिसतात. आत माणूस तापाने फणफणलेला, औषध लागू पडत नाही, आणि कुणीतरी वाकून मुठीतून पीठ सोडत खाटेभोवती फिरतं आहे. आपण काहीतरी केलं एवढं तरी समाधान.

शुक्रतारा
जुनी_वही, हे वाचून रडू आलं. एक गोष्ट सांगितली नव्हती, आता सांगते.

त्या रात्रीनंतर मी पलंगाभोवती मीठ ओढायला लागले. पहिल्या दिवशी एकदाच. मग वाटलं, भिंतीच्या बाजूला फट राहिली असेल, म्हणून पलंग ओढून पुन्हा. आता तीनदा ओढते. रात्री पाणी प्यायला उठले तर परत आल्यावर पुन्हा तीनदा. परवा पहाटे साडेतीनला जमिनीवर बसून मोबाईलच्या उजेडात फट शोधत होते. बोटांना मीठ लागून चिरा पडल्यात. सायलीने सांगितलेला विधीही चार दिवस केला. पण एखादं नाव चुकलं असं वाटतं आणि मी पहिल्यापासून सुरू करते. काल चाळीस मिनिटं लागली.

भूत दिसलं वगैरे काही नाही. फक्त रेघ पुरी नाही असं वाटत राहतं.

सायली_क
अगं, मला हे ठाऊक असतं तर मी तो विधी सुचवलाच नसता. आजपासून करू नकोस. माझं वाक्य मी मागे घेते.

चौकस
शुक्रतारा, मी इथे वाद घालायला आलो होतो, तो राहू दे. तुम्ही लिहिलंत ते मला चांगलं ओळखीचं आहे.

माझ्या बाबतीत दाराची कडी होती. बाहेर पडल्यावर जिन्यातून परत यायचो, कडी ओढून बघायचो. दोनदा, पाचदा, एका वाईट काळात अकरा वेळा. कडी लागलेली आहे हे डोळ्यांना दिसायचं, हाताला कळायचं, पण 'नक्की' हा शब्द आत उमटायचाच नाही. आणि जितक्या वेळा बघावं तितका तो आणखी लांब जायचा. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्याला ओसीडी म्हणतात, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार. उपचारात मला काय करायला लावलं? कडी एकदाच लावायची आणि परत न बघता चालू लागायचं. पोटात गोळा यायचा तो येऊ द्यायचा. तो आपोआप उतरतो, हे शरीराला हळूहळू कळतं. पहिल्या आठवड्यात बसस्टॉपवर उभा राहून घामाघूम व्हायचो.

तुम्हाला तेच आहे असं मी म्हणत नाही, तो माझा अधिकार नाही. पण पहाटे साडेतीनला फट शोधणं म्हणजे कुणाला तरी दाखवायची वेळ झाली आहे. तुमच्या श्रद्धेवर हा शेरा नाही. कडीवर माझी श्रद्धा नव्हती, तरी मला झालंच होतं.

पारिजात
चौकसना पूर्ण अनुमोदन. हे लवकर दाखवलं तर पुष्कळ बरं होतं. आणि बोटांना साधं मलम लाव आज.

उंबरठा
शुक्रतारा बाळा, बरं झालं बोललीस.

साधनेच्या बाजूने मी एवढंच सांगू शकते. वर्तुळ हे काही वेळापुरतं असतं. आखायचं, आत काम करायचं, दिशांना निरोप द्यायचा, उघडायचं. झोपायला कुणी वर्तुळ आखत नाही. चोवीस तास मिटलेलं वर्तुळ ही आमच्या परंपरेतली गोष्टच नाही. आम्ही उठताना म्हणतो, वर्तुळ उघडलं आहे, तुटलेलं नाही.

आणि मधून बाहेर जावं लागतंच. कुणाला खोकला येतो, कुणाचं मूल रडतं. त्यासाठी दार कापायची रीत आहे. सुरी घेऊन कडेला जायचं, आमच्यात ईशान्येला. जमिनीपासून वर, आडवं, पुन्हा खाली, अशी हवेत चौकट काढायची, पडदा सारावा तसा हात करायचा आणि बाहेर पडायचं. परत आलं की उलट हाताने लावून घ्यायचं. घाईत तेही जमलं नाही तर नाही. मांजरं आणि लहान मुलं तर खुशाल आरपार जातात आणि वर्तुळाला काही होत नाही, असं आमच्यात मानतातच. आमच्या गटात एक बोका दर वेळी दक्षिणेच्या मेणबत्तीजवळ येऊन लोळतो. तिथे ऊब असते ना.

तू आईसाठी बाहेर पडलीस. जे वर्तुळ आईच्या हाकेला आडवं येईल, त्यात मी तरी बसणार नाही.

जुनी_वही
मी एक दुरुस्ती करतो. परवानगी दिल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही, हे मी माझ्या पहिल्याच प्रतिसादात ठासून लिहिलं. ते त्या ग्रंथांपुरतं, कुणाला तरी बोलावलेलं असतानाचं होतं. तुमच्या मनात त्याने भर पडली असेल तर मला वाईट वाटतं. तटबंदीचं वर्तुळ तुम्ही आखलंच नव्हतं. उंबरठाताईंचं म्हणणं तुमच्या बाबतीत पूर्ण लागू आहे.

गणिती
आणि रेघेच्या फटीबद्दल. सुरीने ओढलेल्या वर्तुळाला मीठ ही नुसती खूण असते, बरोबर ना ताई? तेवढ्यावर गणिताचं उत्तर सोपं आहे. मिठाचे खडे सुटे असतात, त्यामुळे त्यांनी ओढलेल्या कुठल्याही रेघेत असंख्य फटी असणारच, कितीही वेळा ओढली तरी. म्हणजे वर्षभर तुमची सगळी वर्तुळं फटींसकटच चांगली चालली होती.

उंबरठा
गणिती, शंभर टक्के.

शुक्रतारा
सगळ्यांना: पौर्णिमा झाली, म्हणून लिहायला आले.

आधी दुसरं सांगते. समुपदेशकांकडे दोनदा जाऊन आले. त्यांनी साधनेला नावं ठेवली नाहीत. एक तक्ता दिला आहे. पहिला आठवडा तीनऐवजी दोनदा, दुसरा आठवडा एकदा आणि फट शोधायची नाही, तिसऱ्यात मिठाची बरणी स्वयंपाकघरात. आता तिसरा चालू आहे. पहिल्या रात्री दोन वाजेपर्यंत छातीत धडधडत होतं. चौकस, तुम्ही म्हणालात तसा गोळा खरंच उतरतो, पण फार सावकाश.

परवा संध्याकाळी वर्तुळ आखलं. मीठ नाही, दोरीचं. ५ फूटच. मेणबत्त्या बाहेर, जाड काचेच्या ग्लासात. खिडकी उघडी, फोन आत माझ्या उजव्या हाताशी, फक्त आईचा आवाज चालू. आधी पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे तोंड करून मागच्या वेळचं बोलले. आवाज घशात अडकला होता, पण बोलले. मग चारही दिशा नीट केल्या. आणि मध्येच मुद्दाम उठले. ईशान्येला दार कापलं, बाहेर येऊन अर्धा ग्लास पाणी प्यायले, पुन्हा आत जाऊन दार लावलं. दोरी पायाने थोडी सरकली होती. तशीच राहू दिली.

रात्री पाणी प्यायला उठले होते. परत येऊन झोपले.

चौकस
वाचून फार बरं वाटलं. तक्ता सोडू नका, बरं वाटायला लागलं तरी.

पारिजात
बोटं भरली का?

शुक्रतारा
भरली. एकाच बोटावर खपली राहिली आहे.

मोरपीस
दोरी कुठल्या रंगाची घेतलीस? मी पण आणायच्या विचारात आहे.

उंबरठा
लाल घे. आणि वर्तुळ आखायची दोरी ९ फुटांचीच घे, खोली लहान असली तरी. जास्तीची दोरी मध्ये गुंडाळून ठेवायची, पुढे मोठी जागा मिळाली की सोडायची.